'कॅश ड्राइव्ह'ला मराठीत काय म्हणावं? आणि 'शेअर'ला?

शब्दांकूर: घरच्या साठवण-सर्व्हरवर, विशेषतः अनरेड या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या सर्व्हरवर, 'कॅश ड्राइव्ह' असतो. 'कॅश' ऐकलं की आधी रोकड आठवते, म्हणून बरेच जण त्याला 'कॅशे' म्हणतात. पण कॅशे हा फ्रेंचमधला वेगळा शब्द आहे. त्याचा अर्थ शिक्का, मोहोर. आपला शब्द 'लपवणे' अशा अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आणि १९६८ साली आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ सोबत संगणकाच्या भाषेत रुजला. तेव्हा उच्चार कॅशच. याला मराठीत 'द्रुतसाठा' चालेल का?

डिस्कवाला: वेग कळतो, पण खरी गोम निसटते. प्रोसेसरच्या कॅशमध्ये किंवा झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या एल२आर्क नावाच्या एसएसडी-कॅशमध्ये मूळ माहितीची *प्रत* असते. एल२आर्कची एसएसडी उपसून काढली तरी काही गमावत नाही. अनरेडच्या कॅशवर मात्र नव्या फाइलची *एकुलती एक* प्रत असते. 'मूव्हर' हा ठरल्या वेळी फाइली हलवणारा प्रोग्राम ती मोठ्या डिस्कांवर, म्हणजे 'ॲरे'वर, नेईपर्यंत दुसरीकडे कुठेही काही नसतं. मूव्हरची मूळ वेळ रोज पहाटे ३:४०. म्हणजे सकाळी चढवलेले फोटो जवळजवळ दिवसभर एकाच एसएसडीवर असतात, आणि पॅरिटी (डिस्क बिघडली तर तिच्यावरचा डेटा परत मिळवून देणारी जादा माहिती) फक्त ॲरेमधल्या डिस्कांना राखते, कॅशला नाही. 'कॅश आहे म्हणजे मूळ फाइल कुठेतरी असणारच' या समजुतीनेच लोकांचा डेटा जातो. नाव देताना हेच आधी सांगायला हवं.

माजघर: मग 'खळं' म्हणा. मळलेलं धान्य कणगीत जाईपर्यंत खळ्यावर असतं. ते काही कणगीतल्या धान्याची प्रत नव्हे, तेच धान्य. अवकाळी आला तर तेच भिजतं. ॲरे म्हणजे कणगी. खळ्यावर ताडपत्री हवी असेल तर दोन एसएसडी घेऊन बीटीआरएफएस फाइल सिस्टिमचा रेड१ किंवा झेडएफएसचा मिरर पूल करा, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती राहते. एक्सएफएस फाइल सिस्टिमवर एकच ड्राइव्ह ठेवला तर आडोसा नाही.

डिस्कवाला: सुरेख शब्द. खळं लागतं कशाला, तेही यातून समजतं. ॲरेवर थेट लिहिताना जुना डेटा आणि जुनी पॅरिटी आधी वाचावी लागते, मग दोन्ही नव्याने लिहायची. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कची तबकडी त्याच जागी परत यायला सुमारे ८.३ मिलिसेकंद घेते. म्हणून गिगाबिट तारेतून सेकंदाला ११० एमबीच्या आसपास येऊ शकणारा डेटाही ॲरेवर अडखळतो.

शब्दांकूर: पण डॉकरचं (ॲप वेगवेगळ्या 'कंटेनर'मध्ये चालवणाऱ्या सेवेचं) 'ॲपडेटा', म्हणजे त्या ॲपची माहिती, तर कायम कॅशवरच राहतं. खळ्यावर कोणी बिऱ्हाड करत नाही.

माजघर: आक्षेप मान्य. तिथे ते खळं नसून राहतं घर आहे. जुन्या आवृत्तीतला घोळही नेमका इथलाच. शेअरसाठी कॅश वापरण्याच्या पर्यायात 'यस' म्हणजे आधी कॅश, मग ॲरे, 'प्रिफर' म्हणजे मुक्काम कॅशवर, ॲरेवर सांडलेलं मूव्हर परत कॅशवर आणणार. ॲपडेटाला 'यस' दिलं की ते ॲरेवर जायचं आणि कंटेनर रेंगाळायचे. ६.१२ पासून 'प्रायमरी स्टोरेज', 'सेकंडरी स्टोरेज' आणि 'मूव्हर ॲक्शन' असे तीन रकाने आले, ते बरंच झालं. मूव्हर ॲक्शनमधला बाण बघा, तो दिशा सांगतो.

ॲपडेटा ॲरेवर गेलंच असेल तर प्रायमरी कॅश, सेकंडरी ॲरे आणि बाण ॲरेकडून कॅशकडे ठेवा. मग सेटिंग्जमधून डॉकर आणि व्हीएम (आभासी संगणक) या दोन्ही सेवाच बंद करा, नुसते कंटेनर थांबवून भागत नाही. त्यानंतर मूव्हर चालवा. उघडी फाइल मूव्हर हलवत नाही.

तारमास्तर: 'शेअर'कडे वळतो. 'वाटप फोल्डर' कृपया नको. इंग्रजीत वाटून घेणं आणि मिळून वापरणं दोन्हीला एकच शब्द, मराठीत ते एकमेकांच्या उलट. सातबाऱ्यावर सामाईक नावं असतात तोवर वाटणी झालेली नसते. म्हणून 'सामाईक फोल्डर'. अनरेडच्या 'युजर शेअर'ला तर तो दुहेरी लागू पडतो: माणसांत सामाईक आणि डिस्कांतही. 'फोटो' नावाचा शेअर एकच दिसतो, पण त्यातल्या फाइली डिस्क१, डिस्क३ आणि कॅशवर विखुरलेल्या असू शकतात.

याच ठिकाणी मोठा धोका आहे. /एमएनटी/युजर आणि /एमएनटी/डिस्क१ या एकाच फाइलकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत. डिस्क१ मधल्या शेअरमधून त्याच नावाच्या युजर शेअरमध्ये कॉपी केली, तर फाइल स्वतःवरच लिहिली जाऊन शून्य होऊ शकते. डिस्ककडून डिस्ककडे किंवा युजरकडून युजरकडे, एवढंच करा.

शब्दांकूर: आणि खळं भरलं तर?

तारमास्तर: 'मिनिमम फ्री स्पेस'मध्ये आकडा दिलेला असेल, तर मोकळी जागा त्याखाली गेल्यावर येणारी नवी फाइल सेकंडरीवर, म्हणजे थेट ॲरेवर जाते. ते शून्य ठेवलं तर फाइल कॅशवर सुरू होते आणि अर्ध्यात 'जागा नाही' म्हणून तुटते, कारण जागा निवडताना अनरेडला फाइलचा आकार ठाऊक नसतो. तुमची सर्वांत मोठी फाइल ५० जीबीची असेल तर आकडा त्याहून मोठा हवा. मी १०० जीबी सुचवेन. सेकंडरी 'नन' (काहीच नाही) असेल तर मात्र जादा फाइलला जायला जागाच नसते, लिहिणं सरळ फसतं.

माजघर: मग कोशात नोंद अशी करू: 'खळं' त्या शेअरपुरतं, ज्याचा बाण कॅशकडून ॲरेकडे आहे. बाकी ठिकाणी 'कॅश पूल'च राहू द्या.

डिस्कवाला: चालेल. नोंदीत 'प्रत नव्हे' हे दोन शब्द ठळक करा.