टोळीपटातली भोकं: घड्याळ घेऊन बसा

बर्डीचा बाकडा
टोळीयुद्धाचा सिनेमा सुटला की आपल्या नागपुरात थेटरासमोरच्या पानठेल्यावर जे भांडण होतं, ते इथे आणू. गोळी लागलेला पोट्टा तीन गल्ल्या पळाला कसा? पोलिसांना टीप कोणी दिली? वकिलाची फी कोणी भरली? एकच अट आहे. स्वतःचे किस्से नकोत. आपापल्या कामातली पक्की माहिती टाका: किती मिनिटं, किती दिवस, कोणतं कलम, कुठे फसतं आणि का.

माझं मत आधीच सांगतो. कथेतली बहुतेक भोकं, म्हणजे न जुळणाऱ्या जागा, घड्याळाची असतात. योगायोग एक वेळ खपून जातो. पण रक्ताला, कागदाला आणि रस्त्याला जो वेळ लागतो, तो पटकथा देतच नाही.

सुरुवात परदेशापासून. वॉल्टर हिलचा १९७९ चा 'द वॉरियर्स'. न्यूयॉर्कच्या टोळ्यांची सभा ब्रॉन्क्समधल्या व्हॅन कॉर्टलँड पार्कात भरते. टोळीमागे नऊ जण, शस्त्र आणायचं नाही. सभा बोलावणाऱ्या सायरसला गोळी लागते, आळ वॉरियर्स या टोळीवर येतो आणि त्यांना रातोरात शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोनी आयलंडला पोचायचं असतं. शंभर टोळ्या गुणिले नऊ म्हणजे ९०० पोरं. त्यांची झडती कोण घेणार होतं? आणि वॉरियर्सचा म्होरक्या क्लिऑन, त्याचं काय झालं? सभेतच त्याला बेदम मारतात. तो पुन्हा दिसत नाही आणि त्याची टोळीही त्याच्याबद्दल फारसं विचारत नाही.

संकलन टेबल
क्लिऑन हे खरं भोक आहे, मान्य. त्याच टोळीतल्या एजॅक्सचंही तसंच. बाकाला बेडीने अडकतो, पोलीस नेतात, विषय संपला. पण दुसऱ्या टोळीच्या ल्यूथरने सायरसला का मारलं याला लोक भोक म्हणतात, ते चूक आहे. तो स्वतःच सांगतो की कारण काही नाही, असं करायला आवडतं. उत्तर पटलं नाही म्हणून ते भोक होत नाही. पात्राने प्रश्न ऐकला आणि उत्तर दिलं, एवढं पुरे.

सायरसचा हिशोब मात्र तपासून पाहा. आपण ६०,००० आणि पोलीस २०,०००, म्हणून शहर आपलं, असं तो म्हणतो. पोलिसांकडे वायरलेस आहे, गाड्या आहेत, पाळ्या लावलेल्या आहेत. ६०,००० पोरांना रोज जेवायला कोण घालणार, हे भाषणात कुठेच नाही.

हिशेबवही
जेवायचं निघालंच आहे तर आपल्या गल्लीचा हिशोब मांडतो. आकडे कल्पनेतले आहेत, रीत खरी आहे.

टोळीत २५ पोट्टे. खाणं, पेट्रोल, खर्रा (सुपारी-तंबाखू), दारू मिळून डोई रोजचे ५०० धरा. झाले दिवसाला १२,५००, महिन्याला ३,७५,०००. सिनेमात दाखवतात काय, तर भाजीच्या ठेल्यावरून ५० रुपये उचलणारा दादा. असे ८० ठेले धरले तरी दिवसाला ४,००० आणि महिन्याला १,२०,०००. अडीच लाखांची तूट आहे, आणि अजून वकील, जामीनदार, आत असलेल्यांच्या घरचा खर्च धरलेलाच नाही.

म्हणून ठेल्यावरची वसुली ही धाक दाखवायला असते, पोट त्यावर भरत नाही. पैसा येतो तो जुगार अड्डा, सट्टा, अवैध दारू, वाळू आणि वादातल्या प्लॉटवरून, म्हणजे जिथे लुटला गेलेला माणूस ठाण्यात जाऊ शकत नाही तिथून. प्लॉटचा एकच सीन टाकला, दोन वारस आणि एक खोटं मुखत्यारपत्र, तर अर्ध्या सिनेमाचा खर्च निघतो. लेखक तो टाकत नाहीत, कारण त्यात कोणी धावत नाही.

मेडिकल चौक
गोळी आणि चाकूवर सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त थापा इथेच.

१. पोटात खुपसलेला चाकू मित्र उपसतो आणि म्हणतो, "काही होत नाही भाऊ." चाकू आत असतो तोवर तो फाटलेल्या रक्तवाहिनीला बूच लावून असतो. उपसला की धार सुटते. बरोबर रीत म्हणजे चाकू तसाच ठेवायचा, हलू नये म्हणून भोवती कापड गुंडाळायचं आणि थेट दवाखाना गाठायचा.

२. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. दीड-दोन लिटर गेलं की नाडी जोरात पळते, रक्तदाब पडतो, माणूस बरळायला लागतो. सिनेमातला पोट्टा याच वेळी दोन मिनिटांचं सुसंगत भाषण देतो.

३. "खांद्यालाच लागली आहे." खांद्यातून हाताची मुख्य धमनी जाते आणि नसांचा मोठा जुडगाही जातो. तो हात पुढच्या सीनमध्ये मोटारसायकलचा ॲक्सिलरेटर पिळतो.

४. गरम चाकूने गोळी काढायची, तोंडात कापड कोंबायचं, गोळी ताटलीत टण्ण वाजायची. गोळी काढल्याने जीव वाचत नाही, आणि पुष्कळदा ती आतच राहू देतात. मारतं ते रक्तस्राव नाहीतर फाटलेलं आतडं. आतड्याचं छिद्र शिवलं नाही तर पोटात संसर्ग पसरतो. पोट लाकडासारखं कडक होतं, ताप चढतो. खाटेवरचा हिरो तिसऱ्या दिवशी मारामारीला उठायचा नाही.

आणि एक खास नागपुरी चूक. जरीपटक्यातला जखमी मेडिकल या सरकारी रुग्णालयात नेतात, वाटेतलं मेयो हे दुसरं सरकारी रुग्णालय ओलांडून. का? तर मेडिकलची इमारत मोठी दिसते म्हणून.

बर्डीचा बाकडा
ताई, "आधी पोलीस केस करा, मग हात लावू" म्हणणारा सिनेमातला डॉक्टर?

मेडिकल चौक
१९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आधी उपचार. एमएलसीची (पोलीस केस असलेल्या रुग्णाची) नोंद आणि ठाण्याला कळवणं सोबत चालतं. त्यामुळे लेखकाला अडथळा हवा असेल तर तो उलटा लावावा. जखमी दवाखान्यात गेला की पोलिसांना कळणारच, म्हणून टोळी त्याला नेत नाही. यात भोक राहत नाही आणि भीती वाढते.

अजून एक. रात्री खून आणि रात्रीच शवविच्छेदनाचा अहवाल. सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाची मुभा नोव्हेंबर २०२१ पासून आहे, पण त्यातून खून, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू सर्वसाधारणपणे वगळले आहेत. सकाळ होऊ द्या.

कलम लेखनिक
कागदांचं मी बघतो. आधी तारीख ठरवा. कथा १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर खुनाला भादंवि ३०२, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता १०३. खुनाचा प्रयत्न आधी ३०७, आता १०९. २०२५ ची कथा आणि ठाणेदार ओरडतो, "तीनशे दोन लावतो!" सवयीने तोंडी तो म्हणेलही, पण एफआयआरच्या क्लोजअपमध्ये ३०२ दिसला की प्रेक्षक हसतो.

"मोक्का लावतो" हे तर चहा सांगितल्यासारखं म्हणतात. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या त्या कायद्यात मागच्या १० वर्षांत टोळीवर एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं लागतात आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते. ती प्रत्येक पोट्ट्यावर असायची गरज नाही, टोळीवर असली तरी चालतात. गुन्हा नोंदवायलाच उपमहानिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी हवी, तपास एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) किंवा वरच्याकडे. फौजदाराने चौकात उभं राहून लावायची ती गोष्ट नाही.

पण मोक्क्यात एक अशी कळ आहे की सिनेमावाल्यांनी ती कशी सोडली कळत नाही. एरवी पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात शून्य. मोक्क्यात डीसीपी (पोलीस उपायुक्त) दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला धरला जातो. म्हणजे टोळीतला सगळ्यात कच्चा पोट्टा डीसीपीच्या खोलीत किती वेळ बसला, यावर अख्खी टोळी टिकते किंवा जाते. अटक झाल्यापासून २४ तासांत न्यायाधीशासमोर उभं करायचं हे घड्याळही वर टिकटिकत असतंच. त्याऐवजी आपण काय पाहतो? उलटं टांगून पट्ट्याने मारणं आणि त्यावर कोर्टात शिक्षा.

ओळख परेडही तशीच. काचेमागे फिर्यादी आणि शेजारी इन्स्पेक्टर, "नीट बघ." ही काच आपल्या सिनेमात बाहेरून आली आहे. आपल्याकडे परेड दंडाधिकारी घेतात, बहुधा तुरुंगात. एका आरोपीसोबत सारख्या अंगलटीचे निदान सहा डमी, आणि तपास अधिकारी त्या जागी नको. त्याआधी आरोपीचं तोंड बुरख्यात झाकलेलं असावं लागतं. सिनेमात अटकेच्या दिवशीच टीव्हीवर त्याचं तोंड दाखवतात आणि महिन्याने परेड. बचावाचा वकील एवढ्यावरच परेड पाडेल.

गिट्टीखदान एक्स्प्रेस
तडीपारीबद्दल पण सांगा दादा. प्रत्येक सिनेमात तडीपार भाई आपल्याच मोहल्ल्यात वाढदिवस साजरा करून रायला.

कलम लेखनिक
महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. टोळीसाठी कलम ५५, एकट्या माणसासाठी ५६, आधी शिक्षा झालेल्यासाठी ५७. आदेशाआधी ५९ ची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी. कमाल दोन वर्षं. ३० दिवसांत शासनाकडे अपील. हद्दीत सापडला तर १४२. लपून येतात हे खरंच आहे, त्यामुळे वाढदिवस हे भोक नाही. भोक हे आहे की डीजे लावून वाढदिवस होतो आणि ठाण्याच्या डीबी (गुन्हे शोध) पथकाला पत्ता नाही. मग ठाण्यातलं कोण मिळालेलं आहे ते दाखवा.

आणि हो, तडीपार माणूस कामठीत जाऊन बसतो आणि म्हणतो, "आता मी हद्दीबाहेर." कामठी नागपूर पोलीस आयुक्तालयातच येते.

पुंगळी
थोडक्यात. देशी कट्टा बहुतेक एकनळी, एका वेळी एकच गोळी. दुसरी झाडायची तर नळी उघडा, पुंगळी (रिकामं काडतूस) काढा, नवी गोळी भरा. पळता पळता चार बार कट्ट्यातून निघत नाहीत. रिव्हॉल्व्हरची पुंगळी चक्रीतच राहते, पिस्तुलाची बाहेर उडते. म्हणून रिव्हॉल्व्हरने मारलेल्या जागेवर पंचनाम्यात सहा पुंगळ्या सापडल्या तर विचारा, मारेकरी तिथे उभा राहून चक्री रिकामी करत बसला होता काय?

झिरो माईल
गावाच्या चुका.

सीताबर्डीच्या किल्ल्यावर टोळ्यांची बैठक. किल्ला लष्कराकडे आहे. लोकांना एरवी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच आत सोडतात. बैठक त्या दिवशीच्या गर्दीत ठेवा, मग मजा आहे.

रात्री दोनला मेट्रोत पाठलाग. त्या वेळी गाडी नसते. कथा १९९५ ची आणि वर्धा रोडवर मागे मेट्रोचे खांब. मेट्रो धावायला लागली मार्च २०१९ मध्ये. त्याच कथेत गाडीवर एमएच ४९. तेव्हा शहराला ३१ च होता.

मे महिन्यात भरदुपारी रस्त्यावर पन्नास जणांची मारामारी. पारा ४५ च्या वर असताना दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. आणि मागे कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे ट्रक रिकामे होत आहेत! आंबिया बहाराचं फळ नोव्हेंबर ते जानेवारीत येतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. मेमध्ये ती संत्री कुठली?

उलट डिसेंबर कोणी वापरत नाही. हिवाळी अधिवेशनात बाहेरगावचे पोलीस बंदोबस्ताला येतात, सगळं बळ विधानभवन आणि मोर्चांकडे. मोहल्ल्यातल्या ठाण्यात माणसं कमी. टोळीला काही करायचं असेल तर तेव्हाच करेल.

फितूर
एक उलटं उदाहरण टाकतो. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात गुंड अक्कू यादवला जमावाने मारलं, त्यात कस्तुरबा नगरच्या बायका होत्या. पुढे २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. हे कोणी पटकथेत आधी लिहिलं असतं तर आपण इथेच म्हटलं असतं, कोर्टात असं होतं काय बे? तेव्हा "असं होऊच शकत नाही" म्हणताना जपून. खरं घडलेलंही पडद्यावर भोक वाटतं, जर वस्तीने आधी काय सोसलं ते दाखवलं नसेल.

संकलन टेबल
मान्य. म्हणून दुरुस्तीची रीत सांगतो. प्रत्येक सीनचं एक कार्ड. वरच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ. खाली तीन ओळी: कोण हजर, या सीनआधी कोणाला काय माहीत आहे, सीन संपल्यावर कोणाला नवीन काय कळलं. कार्डं सिनेमाच्या क्रमाने नाही, घड्याळाच्या क्रमाने भिंतीवर लावा. तिसरी ओळ वाचत गेलात की "टीप कोणी दिली" हे भोक आपोआप उघडं पडतं, कारण ज्याने टीप दिली त्याला ती गोष्ट कळल्याचं कार्डच भिंतीवर नसतं.

जामिनालाही कार्ड करा. आदेश झाला, जामीनदाराची सॉल्व्हन्सी (ऐपत) तपासली, सुटकेचा कागद कारागृहात पोचला. संध्याकाळी उशीर झाला तर सुटका दुसऱ्या दिवशी. सिनेमात हातोडा आपटतो आणि पुढच्या शॉटला गॉगल लावून भाई फाटकाबाहेर.

खर्रा पन्नी
सगळे मोठं मोठं लिहून रायले, मी बारकं सांगतो. नागपूरचा गुंड दाखवायचा तर खर्रा नीट दाखवा. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना पन्नीत टाकतात आणि पन्नी दाबून रगडतात, चुन्याचे पांढरे ठिपके दिसेनासे होईपर्यंत. ते काही सेकंदांत होत नाही, चांगली काही मिनिटं जातात. सिनेमात हिरो पन्नी काढतो, दोनदा चोळतो, तोंडात टाकतो आणि लगेच खणखणीत संवाद म्हणतो. तोंडात खर्रा असलेला माणूस हनुवटी वर करून बोलतो, ओठ जेमतेम हलवतो, नाहीतर लाळ शर्टावर येते. तो लांब वाक्य बोलत नाही. "काहून?" "हो." "चाल बे." एवढंच.

बर्डीचा बाकडा
म्हणजे खर्रा खाणाऱ्या भाईला भाषणच देता येणार नाही?

खर्रा पन्नी
थुंकल्यावर देता येईल. मग थुंकायचा शॉट घ्या, आणि पुढच्या शॉटला तो डाग भिंतीवर असू द्या.