दोन गट, पाच वारस: बहिणीचा जबाब पुरतो का?

प्रश्न | बांधावरचा
वडील मार्चमध्ये वारले. जमीन दोन गटांत, दोन्ही जिरायत. जुना गट अडीच एकर, आजोबांच्या हयातीत झालेल्या वाटणीत वडिलांना आलेला. नवा गटही अडीच एकर, पण वडिलांनी खरेदीखताने घेतलेला. मागे आजी (वडिलांची आई), आई, आम्ही दोघे भाऊ आणि लग्न झालेली बहीण. बहीण हक्क सोडायला तयार आहे. गावात सांगतात, तलाठ्यापुढे तिचा जबाब लिहून द्या, म्हणजे तिचं नाव लागणारच नाही आणि खर्चही वाचेल. हे चालतं का? कोणाला किती गुंठे येतील?

सातबारावाला
नाही चालत. जबाबाने किंवा नोटरी केलेल्या बाँडवर जमिनीतला हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच लागतं. आधी पाचही नावांची वारस नोंद, मग हक्कसोड, हा क्रम उलटा करू नका.

वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर किंवा थेट तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी). मृत्यूचा दाखला, दोन्ही गटांचे सातबारा, 8अ (खातेउतारा), सगळ्यांची आधार कार्डं आणि वारसांचं शपथपत्र जोडायचं. महसूल अधिनियमाच्या कलम 149 प्रमाणे तीन महिन्यांत कळवायचं असतं. चौकशीनंतर नाव 6क (वारसांची नोंदवही) मध्ये, मग नमुना 6 (फेरफार नोंदवही) ला फेरफार, आणि संबंधितांना 15 दिवसांची नोटीस. हरकत आली तर प्रकरण 6अ (वादग्रस्त प्रकरणांची नोंदवही) ला जातं, नाही आली तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात.

घोळ होतो तो शपथपत्रात. बहीण ‘दिल्या घरी आहे’ म्हणून वगळतात, आणि आजी तर कोणाच्या लक्षातच येत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मयताची आई ही वर्ग 1 ची वारस आहे, बायको-मुलांच्या बरोबरीची.

हिशेबनीस
गुंठ्यांचं बघू. 40 गुंठ्यांचा एकर, म्हणजे प्रत्येक गट 100 गुंठे.

नवा गट स्वकष्टार्जित. पाच वारस, प्रत्येकी 20.

जुना गट वडिलोपार्जित. इथे सरळ पाच भाग करून चालत नाही. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं (सर्वोच्च न्यायालयाचा गुरुपाद मगदूम खटल्यातला निकाल, 1978): वडील, आई, दोन मुलगे, मुलगी, प्रत्येकी 20. मग वडिलांचे 20 पाच वारसांत, प्रत्येकी 4. आई, दोघे भाऊ आणि बहीण यांना 24-24, आजीला 4. बहीण जन्मानेच सहदायाद आहे, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत भावांसारखाच तिचा जन्मतः हक्क. मुलींना हा हक्क 2005 च्या कायदा दुरुस्तीने मिळाला; सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालानंतर (11 ऑगस्ट 2020) त्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात होते की नाही, हा मुद्दाच उरला नाही.

एक खाचखळगा. ‘आजोबांची’ म्हटली की वडिलोपार्जित, असं नसतं. आजोबांची स्वतःची जमीन 1956 (हिंदू उत्तराधिकार कायदा) नंतर त्यांच्या मृत्यूने वारसाहक्काने वडिलांकडे आली असती, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत धरली असती आणि तिथेही 20-20 च आले असते. म्हणून जुना फेरफार काढा, ‘वाटप’ लिहिलंय की ‘वारस’ ते बघा. तलाठी हा वाद सोडवत नाही. तो नावं लावतो, हिश्श्याचा निवाडा दिवाणी न्यायालयाचा.

बांधावरचा
म्हणजे आजीकडे 24 गुंठे. ती म्हणते, माझं काय, तुमचंच आहे.

सातबारावाला
तोंडी ‘तुमचंच’ असलं तरी तो तिचा पूर्ण मालकी हक्क आहे. उद्या ती मृत्युपत्राशिवाय गेली तर तुमचे चुलते आणि आत्या त्या 24 गुंठ्यांत वारस होतात. मनापासून द्यायचं असेल तर तिच्याकडूनही आत्ताच हक्कसोड, किंवा दोन साक्षीदारांच्या सहीचं मृत्युपत्र.

हक्कसोडपत्रात कोणाच्या लाभात ते नावानिशी लिहा. मोघम ‘हक्क सोडत आहे’ लिहिलं की तो हिस्सा उरलेल्या सगळ्या सहहिस्सेदारांत जातो. नंतर दुसऱ्या भावाला ते पटत नाही, आणि बहिणीला पुन्हा कार्यालयात यावं लागतं.

मोजणीदार
वेगळे सातबारे हवे असतील तर नोंदणीकृत वाटणीपत्र, किंवा सगळ्यांच्या संमतीने तहसीलदारांकडे महसूल अधिनियमाच्या कलम 85 चा वाटणीचा अर्ज. आजीने हक्क सोडला नाही तर तिचे जुन्या गटातले 4 गुंठे तुकडा ठरतात. बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते) 20 गुंठे आहे. अशा वेळी तिचे 24 नव्या गटात एकत्र द्या आणि जुन्या गटात बाकीच्यांना भरपाई करा. नंतर भूमि अभिलेखची पोटहिस्सा मोजणी.

वाटणीपत्रात विहीर विसरू नका. पाण्यातला हिस्सा, मोटारीच्या पाळीचे दिवस, वीजजोडणी कोणाच्या नावावर, पाइपलाइन कोणाच्या बांधाने जाणार, आतल्या हिश्श्याला किती फुटांची वाट, हे सगळं लिहा आणि विहिरीचा हिस्सा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंदवून घ्या. सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल तर तो आधी फेडून कमी करून घ्या, नाहीतर फुटलेल्या प्रत्येक सातबाऱ्यावर तो येऊन बसतो.

हिशेबनीस
फेरफार चुकीचा प्रमाणित झाला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, 60 दिवसांत.

बांधावरचा
जुना फेरफार बघितला. ‘वाटप’च लिहिलंय. शपथपत्रात पाचही नावं घालतो.