मदत हवी आहे: डास आणि रॉबर फ्लाय यांच्या सोंडेची तुलना

नमस्कार. आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी मी डास आणि रॉबर फ्लाय या दोन द्विपंखी कीटकांच्या मुखांगांचा तक्ता तयार करत आहे. त्याच्या मांडणीबाबत कीटकशास्त्राच्या जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

डासांमध्ये रक्त फक्त मादी पिते, कारण अंड्यांच्या वाढीसाठी तिला प्रथिने लागतात. एरवी नर आणि मादी दोघांचेही भागते ते फुलांतील मधुरसासारख्या गोड द्रवांवर. तिची एकच दिसणारी सोंड म्हणजे प्रत्यक्षात सहा सुया सांभाळणारे म्यान असते. चावताना हे म्यान मागे दुमडून बाहेरच राहते आणि फक्त सुया कातडीत शिरतात. त्यांपैकी एकीतून रक्त न गोठू देणारी लाळ आत सोडली जाते, तर दुसरीतून रक्त ओढले जाते.

रॉबर फ्लायमध्ये मात्र नर-मादी दोघेही शिकारी असतात. वाळक्या काटकीच्या टोकावर दबा धरून बसलेली ही माशी उडत्या मधमाशीलासुद्धा हवेतच पकडते. तिच्या तोंडावर राठ केसांची दाट मिशी असते, जिच्यामुळे भक्ष्याच्या धडपडीत तिच्या चेहऱ्याला इजा होत नाही. आखूड, टणक सोंड खुपसून ती जी लाळ सोडते, तिच्यातील विषाने भक्ष्य लुळे पडते आणि विकरांमुळे त्याच्या शरीरातील मऊ भाग पातळ होतो. मग तो द्रव ती शोषून घेते.

माझी अडचण अशी की, 'टोचून शोषणारी मुखांगे' या एकाच रकान्यात दोघांना बसवले, तर मुख्य फरकच झाकला जातो. लाळ वाहून नेणारा अवयव दोघांतही एकच, म्हणजे हायपोफॅरिंक्स. परंतु डासात तो सहा सुयांपैकी एक असतो, तर रॉबर फ्लायमध्ये भक्ष्याला भोसकण्याचे कामही तोच करतो. शिवाय डासाच्या मादीला यजमान मरायला नको असतो, केवळ रक्त वाहते राहायला हवे असते. म्हणून तक्त्याची विभागणी लाळेच्या कार्यानुसार करावी, असे मला वाटते. ती शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरेल का?

तसेच डासाच्या सहाही सुया सुट्या करून मुलांना दाखवायच्या असतील, तर शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली किती वर्धन पुरेसे होईल आणि नमुना ग्लिसरीनमध्ये ठेवावा की पाण्यात, हेही कोणी स्वानुभवावरून सांगितल्यास फार मदत होईल.