प्रतिसाद: आईच्या पित्ताशयात ८ मिमीचा पॉलिप
ताई, तुम्ही विचारलंय की सर्जन सांगतायत ते ऑपरेशन करावं का. आईंच्या सोनोग्राफीत ८ मिमीचा पॉलिप (पित्ताशयाच्या आतल्या भिंतीवर आलेली छोटी वाढ) निघालाय म्हणून लगेच कॅन्सरचं मनात आणू नका, बहुतेक पॉलिप कोलेस्टेरॉलचेच असतात आणि ते कॅन्सरमध्ये बदलत नाहीत. १० मिमी किंवा त्याहून मोठा असेल तर पित्ताशय काढायलाच सांगतात. ६ ते ९ मधे मात्र बाकीचं बघावं लागतं, वय साठच्या वर आहे का, पॉलिप बिनदेठाचा, भिंतीला चिकटून बसलेला आहे का, आणि युरोपातल्या २०२२ च्या गाईडलाइनमधे तर आशियाई वंश हाही धोक्यातच धरलाय, म्हणजे आपण सगळे आलोच! तुम्ही आईंचं वय ६४ लिहिलंय, त्यामुळे सर्जन ऑपरेशन सुचवतायत ते मला योग्यच वाटतं, तब्येत भूल झेपेल अशी असली की झालं.

वर कोणीतरी विचारलंय की नुसता पॉलिप नाही का काढता येत, तर नाही, दुर्बिणीतून पूर्ण पित्ताशयच काढतात, आणि काढलेलं पित्ताशय बायॉप्सीला पाठवलंय ना ते नक्की विचारा, पॉलिप नेमका कसला ते त्यातच खात्रीने कळतं.