बी.कॉम.च्या पोरांना बायनरी कशाला?

पूर्वभाग_जकार्ड :
काल इथे नवीपेठ_हिशेबनीस यांनी लिहिलं, "बी.कॉम.च्या पोरांना संगणकाची मूलतत्त्वे शिकवणं म्हणजे सेमिस्टर वाया. शून्य-एकची बायनरी करून कुणाचं पोट भरलं? टॅली-एक्सेल शिकवा, बास." खाली नुसता अंगठ्यांचा पाऊस. मला झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी टॉवेल कारखान्यात हिशेबाला होतो. साठ माग, दोन पाळ्या, वर्षाचे तीनशे दिवस. म्हणजे ३६,००० नोंदी. बोनससाठी दोन वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या आणि मालकांच्या जुन्या मशीनवर उघडाव्यात म्हणून एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारात सेव्ह केल्या. इशारा आला, मी ओके दाबलं. त्या प्रकारात ६५,५३६ च्या पुढे ओळच बसत नाही. शेवटचे जवळपास दोन महिने उडाले. दिवाळीच्या तोंडावर एक विणकर पाकीट हातात धरून दारात उभा. "सायब, माझे दिवस कुठं गेले?" एक्सेल मला येत होतं की! पण तिथे ओळीचा क्रमांक सोळा बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या सोळा घरांत, साठवतात आणि दोनचा सोळावा घात ६५,५३६ होतो, हे कुणी डोक्यात घातलं नव्हतं.

आणि बायनरी परकी कशी? जकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक आलं की सुई आत जाते आणि धागा उचलला जातो. नाही आलं की धागा खालीच. चादरीवरचा मोर असाच उमटतो. तेच एक, तेच शून्य. ही युक्ती १८०४ ची. पुढे इंग्रज गणिती बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हेच पुठ्ठे घेतले. सोलापूरच्या पोराला बायनरी शिकवायला एक पुठ्ठा पुरतो.

नवीपेठ_हिशेबनीस :
विणकराचं वाईट वाटलं. पण तुम्ही नोकरीत बसून चुकलात. माझ्या भाच्याला चुकायचीही संधी मिळाली नाही. त्याचा मूलतत्त्वांचा पेपर म्हणजे पहिली पिढी व्हॅक्यूम ट्यूब, दुसरी ट्रान्झिस्टर, तिसरी आयसी. घोका आणि लिहा. चाळीस पोरं, चालू मशीन सात. मुलाखतीत "व्हीलुकअप लाव", म्हणजे एका यादीतली नोंद दुसरीत शोधून आणायचं एक्सेलचं सूत्र लाव, म्हटल्यावर पोरगं माउस धरून नुसतं बसलं. घरी येऊन जेवलं नाही. त्याला मी चादरीवरचा मोर दाखवू?

टायपिंगवाली_ताई :
दोघंही मराठी विसरलात. माझ्या क्लासमधली एक मुलगी मराठी ४० पास झालेली. अर्ज जुन्या फॉन्टात टाइप करून मेलनं पाठवला. पलीकडे तो फॉन्ट नव्हता, पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला. कळेपर्यंत तारीख उलटली. हात वाऱ्यासारखा चालायचा तिचा, पण फॉन्ट (अक्षराचा आकार) आणि युनिकोड (अक्षराचा सगळीकडे एकच कोड) यांतला फरक कॉलेजात कुणी सांगितला नव्हता. ते जुने फॉन्ट एकदाचे बंद करा.

डीटीपी_बाळीवेस :
ताई, जुन्या फॉन्टांना नावं ठेवायचं काम नाही. वीस वर्षं लग्नपत्रिका आणि अहवाल त्यांच्यावरच काढले, त्यावर घर चाललं. माझ्या जुन्या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड टाकलं की जोडाक्षरं फुटतात. तुम्ही येऊन जोडून देणार का?

टायपिंगवाली_ताई :
पत्रिका एकदा छापली की संपली, दादा. अर्ज शोधावा लागतो. तुमच्या फायलीत "सोलापूर" शोधून दाखवा!

पूर्वभाग_जकार्ड :
तेच तर मूलतत्त्व आहे. जुन्या फॉन्टात संगणकाच्या लेखी इंग्रजीचेच कोड असतात, वर फक्त मराठी आकार चढवलेला. युनिकोडमध्ये 'सोलापूर' म्हणजे स, ओकार, ल, काना, प, दीर्घ उकार, र असे सात वेगळे कोड. यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट (आठ बिटांचा एक), एकूण २१. म्हणून ते कुठेही उघडतं, सापडतं.

डीटीपी_बाळीवेस :
एकवीस बाइट ऐकायला माझं गिऱ्हाईक थांबत नाही. मात्र एक कबूल करतो. एका मंडळाची वर्गणीदारांची यादी अकारविल्हे लावताना दोन रात्री गेल्या. सॉर्ट दाबलं की भलतीच नावं वर यायची. कारण आज कळलं. तरी फॉन्ट टाकणार नाही.

होटगीरोड_एसवाय :
तुम्ही सगळे फॉन्टवरच घसरलात. मी सध्या हाच पेपर देतेय. प्रॅक्टिकलला लाइट गेली, सेव्ह न केलेली अख्खी शीट गेली. मग सरांनी बंद पडलेलं एक मशीन उघडून रॅमची पट्टी हातात दिली, म्हणाले, "तुझी शीट यात होती, वीज गेली की ही कोरी." पुस्तकातली व्याख्या तेव्हा कळली. पेपर काढू नका, मशीन वाढवा.

नवीपेठ_हिशेबनीस :
बरं, ठेवा पेपर. पण निम्मे मार्क मशीनवर, आणि त्या पिढ्या काढा. याहून जास्त मी मागे येणार नाही.

पूर्वभाग_जकार्ड :
पिढ्या काढायला माझी ना नाही. भाच्याला रविवारी पाठवा, व्हीलुकअप मी शिकवतो. पण त्याच वेळी हेही दाखवणार, की एका यादीत ५०१ हा आकडा आणि दुसरीत ५०१ हाच मजकूर म्हणून साठवलेला असला, तर डोळ्यांना सारखं दिसूनही दोन्ही जुळत का नाहीत. मुलाखतीत लोक तिथेच अडकतात.

नवीपेठ_हिशेबनीस :
पुढची मुलाखत शुक्रवारी आहे. रविवार नको, आज संध्याकाळी पाठवतो.