मदत हवी आहे : सेप्सिसच्या रुग्णाला श्वेबीजिंग इंजेक्शन आणि आधीपासून चालू असलेले वॉर्फरिन

नमस्कार. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या, औषधशास्त्र जाणणाऱ्या किंवा चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या सभासदांचे मार्गदर्शन मला तातडीने हवे आहे.

माझे मोठे बंधू नोकरीनिमित्त चीनमधील सुचौ येथे राहतात. न्यूमोनियातून सेप्सिस (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादाने अवयव निकामी होऊ लागणे) झाल्यामुळे त्यांना तेथील आयसीयूत दाखल केले असून ते व्हेंटिलेटरवर आहेत. प्रतिजैविके आणि रक्तदाब टिकवण्याची औषधे चालू आहेत. त्यांच्या हृदयाची मायट्रल झडप कृत्रिम, धातूची आहे, त्यामुळे गेली अनेक वर्षे ते वॉर्फरिन हे रक्ताची गुठळी होऊ न देणारे औषध घेत आले आहेत. दाखल झाल्यावर वॉर्फरिन थांबवून त्याच कामाचे, शिरेतून दिले जाणारे हेपरिन सुरू करण्यात आले. आता डॉक्टरांनी या उपचारांच्या जोडीला श्वेबीजिंग हे वनस्पतीजन्य इंजेक्शन शिरेतून देण्याचे सुचवले आहे आणि संमतीपत्र वहिनींच्या हाती दिले आहे. उद्या दुपारी डॉक्टर त्यांना भेटणार आहेत. वहिनींना चिनी बोलता येते, पण वैद्यकीय चिनी कळणे ही वेगळी गोष्ट आहे.

घरातल्या काही वडीलधाऱ्यांनी ‘आयसीयूत झाडपाला कशाला’ म्हणून लगेच विरोध केला. मला तसे वाटत नाही, कारण या औषधामागे खरोखरच अभ्यास आहे. त्येनचिन येथील डॉ. वांग चिनदा यांच्या गटाने १९७० च्या दशकात एका जुन्या काढ्याच्या आधारे त्यावर काम सुरू केले आणि २००४ मध्ये चीनमध्ये त्याला मान्यता मिळाली. चीनमधील ४५ आयसीयूंत सेप्सिसच्या १,८१७ रुग्णांवर झालेली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दर बारा तासांनी १०० मिलिलिटर याप्रमाणे पाच दिवस औषध किंवा त्याऐवजी नुसते सलाइन दिले गेले, आणि कोणाला काय मिळत आहे हे रुग्णांना वा उपचार करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण औषधाच्या गटात १८.८ टक्के, तर दुसऱ्या गटात २६.१ टक्के होते. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार पूर्ण मिळाले होते, म्हणजे हे इंजेक्शन प्रतिजैविकांच्या जागी नव्हे, त्यांच्या सोबतीने वापरले गेले. त्यामुळे ‘हे की ते’ असा वाद आमच्यापुरता तरी गैरलागू आहे.

माझी काळजी वेगळी आहे. वहिनींनी पाठवलेल्या माहितीपत्रकाच्या फोटोत पाच वनस्पती आहेत : करडईची फुले, तांबड्या पिओनीचे मूळ, छ्वानश्योंग, दानशेन आणि दांगग्वे. यांतली करडई आपल्या मराठवाड्याच्या शेतातली, म्हणून आईला जरा धीर आला. मला मात्र दानशेन पाहून धास्ती वाटली. दानशेनचे काढे वा गोळ्या वॉर्फरिनसोबत घेतलेल्या रुग्णांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप; ते वाढले की रक्तस्रावाचा धोका वाढतो) धोकादायक पातळीपर्यंत वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि दांगग्वेबाबतही तसाच इशारा दिला जातो. वॉर्फरिन बंद केले तरी त्याचा परिणाम काही दिवस रेंगाळतो, वर हेपरिन चालू आहे, आणि सेप्सिसमध्ये रक्त गोठण्याची क्रिया मुळातच बिघडलेली असते. उलट बाजूने, रक्तस्रावाच्या भीतीने हेपरिन फार कमी केले तर धातूच्या झडपेवर गुठळी होऊ शकते. म्हणजे चूक कोणत्याही बाजूने झाली तरी जिवावर बेतू शकते.

म्हणून जाणकारांना विचारते. धातूची झडप असलेल्या रुग्णाला श्वेबीजिंग देताना एपीटीटी (हेपरिनचा परिणाम मोजणारी रक्ततपासणी), आयएनआर आणि प्लेटलेट किती वेळाने तपासण्याचा आग्रह धरावा? आयएनआर एका ठरावीक पातळीखाली येईपर्यंत थांबा, असे म्हणणे योग्य ठरेल, की त्या विलंबात औषधाचा उपयोगच निघून जाईल? माहितीपत्रकात हे इंजेक्शन दुसऱ्या औषधात मिसळू नये, मधे सलाइन सोडावे असे लिहिले आहे. हेपरिन सतत चालू असताना स्वतंत्र शिरेची सोय करतात का? पुरळ, दम लागणे अशी तीव्र ॲलर्जी आली तर बेशुद्ध रुग्णात ती चटकन ओळखायची कशी?

दादांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) थोडे वाढले आहे, त्यामुळे बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात वजन घटवण्याच्या चिनी औषधांनी लोकांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे प्रकरण आमच्या नात्यातल्या एकांनी पुढे आणले. ते दुष्परिणाम ॲरिस्टोलोकिया वर्गातील वनस्पतीचे होते आणि या इंजेक्शनच्या पाच घटकांत ती नाही, एवढे मी त्यांना सांगितले आहे. मूत्रपिंड कमजोर असताना मात्रा बदलावी लागते का, हे मात्र डॉक्टरांना विचारायचे आहे.

आणखी एक बाब. दाखल होण्यापूर्वी दादा खोकल्यासाठी तिथल्या दुकानातल्या वनौषधींच्या पुड्या घेत होते. चिनी खोकल्याच्या औषधांत ज्येष्ठमध पुष्कळदा असते आणि त्याने पोटॅशियम उतरते, म्हणून रिकामे पाकीट शोधून डॉक्टरांना दाखवा असे वहिनींना कळवले आहे. इथून वैद्यांचे चूर्ण पाठवण्याची सूचनाही आली होती. उपचार करणाऱ्यांना ठाऊक नसलेले काहीही नळीतून जाऊ नये म्हणून ती मी स्पष्टपणे नाकारली.

कृपया उत्तरे छोट्या, सरळ वाक्यांत द्यावीत, म्हणजे वहिनींना ती चिनीत करून उद्याच्या भेटीत विचारता येतील. डॉक्टरांना विचारायचा एकच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता, हे सांगितलेत तरी फार मदत होईल.