मदत हवी आहे: फोनोग्राफचे सिलिंडर रेडिओवर वाजवायचे आहेत (अर्जंट)

गोदाकाठचा_रेडिओवाला
नाशिकच्या एका कम्युनिटी रेडिओवर जुन्या संगीताचा कार्यक्रम करतो. शनिवारी रेकॉर्डिंग आहे आणि फोनोग्राफ, म्हणजे तबकडीऐवजी नळीसारख्या सिलिंडरवरचं गाणं वाजवणारं जुनं मशीन, ऐन वेळी दगा देतंय. गाणं जरा चालतं, मग सुई उडी मारते. चावी पूर्ण दिली आहे, स्प्रिंग ठीक आहे. नाशकात दुरुस्त करणारं कोणी? पुण्या-मुंबईचे पत्ते नकोत, वेळ नाही.

तबकडीप्रेमी
सुई बदला. मी लाखेच्या तबकडीला दर बाजूला नवी स्टीलची सुई लावतो.

खरखर
कृपया हे करू नका! सिलिंडरला स्टीलची सुई लावाल तर मेण सोलून निघेल. तिथे नीलमाचं कायमचं टोक असतं. मशीन कुठलं? सिलिंडरचा रंग? साउंडबॉक्सवर, म्हणजे टोक बसवलेल्या आवाजाच्या डबीवर, अक्षर कुठलं?

तबकडीप्रेमी
आयुष्यभर ग्रामोफोन वाजवतोय. उडी म्हणजे सुईच.

खरखर
अहो, हा ग्रामोफोन नाही. तुमच्या तबकडीत सुई डावी-उजवी हलते, सिलिंडरमध्ये वर-खाली.

गोदाकाठचा_रेडिओवाला
भांडू नका. मशीन एडिसनचं, आणखी कोणाचं असणार? रंगाचा काय संबंध? काळे नीट वाजतात, उड्या फक्त निळे मारतात.

खरखर
हे आधीच सांगायचं ना! निळे म्हणजे ब्लू अँबेरॉल, १९१२ पासूनचे, आत प्लास्टर आणि वर सेल्युलॉइड. ते चार मिनिटांचे, इंचात २०० खाचा. जुनं मशीन दोन मिनिटांच्या सिलिंडरसाठी, इंचात १००. त्याचा स्क्रू साउंडबॉक्सला दुप्पट पुढे ढकलतो, टोक खाच सोडणारच. बिघाड काहीच नाही. गिअर बदलायचा खटका आहे का? अक्षर 'सी' असेल तर साउंडबॉक्स दोन मिनिटांचा, चार मिनिटांसाठी 'एच' किंवा 'के' लागेल. तोवर निळे लावू नका, खाचा खराब होतील.

पिंपळपार
त्यात गायिका गौहर जान आहे का हो?

खरखर
गौहर जानचं १९०२ चं कलकत्त्याचं ध्वनिमुद्रण तबकडीवरचं. सिलिंडर काढले ते कलकत्त्याच्याच एच. बोस यांनी, रवींद्रनाथांचा आवाजही त्यांनी सिलिंडरवर घेतला होता.

सातपूरचा_सोल्डर
भोंगा विसरा. स्टिरिओ कार्ट्रिजचा (रेकॉर्ड प्लेअरची सुई धरणारी विजेची डबी) एक चॅनल उलटा जोडून मोनो करा, वर-खालीचा आवाज तसाच मिळतो. फेरे मिनिटाला १६० ठेवा.

तबकडीप्रेमी
म्हणजे कर्ण्याचा आवाजच घालवायचा? मग मशीन कशाला बाहेर काढलं? भोंग्यासमोर माइक धरा, झालं.

सातपूरचा_सोल्डर
आणि रस्त्यावरचे हॉर्न पण ऐकवा.

वकीलवाडीकर
आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं. १९१२ चं बिनधास्त वाजवा.

गोदाकाठचा_रेडिओवाला
कॉपीराइट कोणी विचारला? खटका नाही, अक्षर सी. आता शनिवारी काय वाजवू?

खरखर
काळे वाजवा. दोन बोटं आतून घालून उचला, बाहेरून हात लावू नका. बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर तो बाजूला ठेवा, पावसाळ्यात मेणाला हमखास लागते. निळ्यांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा ग्रंथालयाचा संग्रह बघा. हजारो सिलिंडर डिजिटल करून मोफत ठेवलेत. कडेवरचा क्रमांक टाकून शोधा, तुमचंच गाणं मिळायची शक्यता आहे.

तबकडीप्रेमी
इंटरनेटवरचंच वाजवायचं तर श्रोत्यांना काय सांगणार, मशीन आजारी आहे?

पिंपळपार
निळे नको असतील तर मी घेतो. आणि कार्यक्रम किती वाजता, कुठल्या स्टेशनवर, हे तुम्ही अजून सांगितलंच नाहीत.